दम लागणाऱ्यांची काशीयात्रा

काशीला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या साताऱ्यात लोक पटकन वाकून पाया पडतात. मग विचारतात, "गंगाजल आणलंत?" मी म्हणते, "गंगाजल राहिलं. दम्याच्या मुलांच्या शिबिराला गेले होते." त्यावर समोरचा माणूस ताठ उभा राहतो आणि वाया गेलेला नमस्कार परत मागावा की काय, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघतो.

त्यांचंही बरोबर आहे. मे महिना, काशीचं ऊन, आणि जिना चढला तरी धाप लागणारी मुलं. शेजारच्या कुलकर्णीकाकू निघायच्या आदल्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या होत्या, "अगं कुंदा, आयुष्य उरकत आलं की माणसं काशीला जातात. तू अकरा वर्षांच्या पोरीला नेतेस?"

ती पोरगी म्हणजे मुक्ता, माझ्या दादाची मुलगी. तिसऱ्या वर्षापासून दमा. पण खरं सांगायचं तर दम्याशी आमचं बरं चाललं होतं. औषधं लागू पडत होती, पंप नीट घेता येत होता. भांडण होतं ते लाजेशी. चार लोकांत पंप काढायचा म्हटलं की या मुलीचा हात खिशातच गोठतो. गेल्या थंडीत शाळेच्या गॅदरिंगची तालीम चालू असताना तिला धाप लागली. पंप दप्तरात होता, दप्तर शेजारी होतं, आणि मैत्रिणीही शेजारी होत्या. म्हणून बाई पंप ओढणीत लपवून दोन मजले उतरून गेल्या संडासात, आतून कडी लावून गुपचूप घ्यायला. तिथवर पोचेपर्यंत पंप दाबायचीही ताकद उरली नाही. शिपाईमामांनी कडी तोडली. नंतर दवाखान्यात डॉक्टर दादाला म्हणाले, "औषध बरोबर आहे. ते सगळ्यांसमोर घ्यायचं धाडस माझ्याकडे मिळत नाही. आणि पुढच्या वेळी कडी तोडणारा जवळ असेलच असं नाही."

ते 'पुढच्या वेळी' आमच्या घरात येऊन बसलं ते उठेचना. वहिनीला तर मुक्ता म्हणजे दोन फुप्फुसं आणि त्यांना जोडलेली एक वेणी, एवढंच दिसायचं. "श्वास कसाय? पंप घेतला? कुणी बघितलं नाही ना?" ही तिची तीन वाक्यं. तिसरं वाक्य ती प्रेमानंच म्हणायची, पण सगळं विष त्यातच होतं. "उद्या लग्नाच्या वेळी लोक बोलतील," असं ती एकदा म्हणाली होती. मुक्तानं ते ऐकलं होतं.

अशात काशीहून नीलूचा फोन आला. नीलू माझी मावसबहीण. तिच्या पणजोबांपासून ते लोक काशीत आहेत. ती मुलांची डॉक्टर आहे आणि सुट्टीत दम्याच्या मुलांसाठी निवासी शिबिर घेते. तिचं मराठी म्हणजे नऊवारी नेसून वर बनारसी शेला घेतल्यासारखं. "कुंदाताई, तू येऊन जा ना. मुलांचं एक नाटक बसव, तुझी तर ती लाइनच आहे. आणि मुक्ताला पण घेऊन ये. थोडे दिन तिला माझ्या हवाले कर. टेन्शन मत घे."

मी शाळेत मराठी शिकवते आणि उरलेला जन्म मुलांची नाटकं बसवते. मला रंगमंचावर बोलावणं म्हणजे मांजराला दुधाच्या भगोल्यावर पहारा द्यायला बोलावणं. वहिनीला तयार करायला मात्र मला सगळी अभिनयकला वापरावी लागली. शेवटी दिवसातून तीनदा फोन, या अटीवर परवानगी मिळाली.

ब्रह्मा घाट

रिक्षातून उतरलो तेव्हा कुणी भट्टीचं दार उघडून तसंच विसरून गेल्यासारखी हवा अंगावर आली. पण गल्लीत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या उंच घरांनी सावली धरली. एक गाय आम्हाला वाट देईना, तिच्यामागची मोटरसायकल तिला वाट देईना, आणि या कोंडीत अडकून उभे असताना वरच्या खिडकीतून खणखणीत आवाज आला, "साताऱ्याचे पाहुणे का? आमसुलं आणलीत ना?" दीड हजार किलोमीटरवर आपल्या आमसुलांची वाट बघणारं कुणी आहे, हे ऐकून मला भरूनच आलं. आणली होती. कंदी पेढेही आणले होते. ते बघून त्या आवाजाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे नीलूच्या सासूबाईंनी, लगेच इथला लाल पेढा पुढे केला, आणि सातारा श्रेष्ठ की बनारस यावर अशी लढाई जुंपली की दोन्ही डबे रिकामे होईपर्यंत निकाल लागला नाही.

शिबिर घाटाजवळच्या एका जुन्या मराठी मंडळाच्या इमारतीत होतं. मधे अंगण, भोवती जाड दगडी भिंतींच्या थंडगार खोल्या. विसेक मुलं. चार-पाच घरी मराठी बोलणारी, बाकीची पक्की बनारसी. खेळायला लागली की सगळी हिंदीतच भांडत.

सासूबाईंनी आल्या आल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक कच्चा कांदा ठेवला. इकडे लू, म्हणजे उन्हाचा भाजणारा वारा, लागू नये म्हणून खिशात कांदा बाळगतात. मुक्तानं तो निमूट घेतला. झालं, एका खिशात कांदा आणि दुसऱ्या खिशात पंप! कांद्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, त्याची तिला काही लाज नव्हती. बिनवासाच्या पंपावर मात्र सदैव मूठ घट्ट.

सकाळी न्याहारीला कचोरी आणि जिलेबी. आमच्याकडे पोहे खाऊन माणूस कामाला लागतो, इथे कचोरी-जिलेबी खाऊन माणूस 'काम करायचंच कशाला' या विचाराला लागतो. त्यानंतर फुंकायचा कार्यक्रम. एक नळी असते, तिच्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि छातीत आज किती जोर आहे ते कळतं. मुलं रांगेत उभी राहून फुंकत आणि आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा ओरडून सांगत. मुक्तानं भिंतीकडे तोंड करून फुंकलं.

"अरे दीदी, दीवार को क्या सुना रही हो?"

ही चुनमुन. दहा वर्षांची, दोन दात पडलेले. मुक्ताच्या शेजारच्या खाटेवर तिचा मुक्काम होता. तिनं आपला निळा पंप गोफात ओवून गळ्यात घातला होता.

"हा असा बाहेर लटकवतेस?" मुक्तानं विचारलं.

"नीलकंठ हैं हम," चुनमुन म्हणाली. "क्लास में सब माँगते हैं, एक बार हमको भी दो. हम नहीं देते. भाव खाते हैं."

मुक्ता तिच्याकडे बघतच राहिली. पंपामुळे भाव खाता येतो, ही गोष्ट तिच्या जगात नव्हती.

गच्ची

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मुलं गच्चीवर व्यायामाला गेली. काशीत गच्ची आपली असते ती फक्त कागदोपत्री, ताबा माकडांचा. नीलूनं बजावलं होतं, "खाण्याचं काही वर नेऊ नका." पंपाबद्दल कुणी बोललं नव्हतं. चुनमुननं गळ्यातला पंप काढून कठड्यावर ठेवला मात्र, एक लठ्ठ माकड आलं आणि घेऊन पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं.

त्यानं पंप उलटासुलटा करून पाहिला. मग कानाशी धरून जोरजोरात हलवला.

आदल्या दिवशी नीलूनं पंप घ्यायच्या पायऱ्या शिकवल्या होत्या, त्यातली पहिलीच 'हलवा' ही. वीस पोरांनी एकच कल्ला केला, "हिला लिया! हिला लिया! अब साँस छोड़ो!"

माकडानं मुलांकडे पाहिलं. पंप तोंडात घातला. दाबला.

फुस्स. माकड एवढं दचकलं की बसल्या जागी उडालं, शिंकलं आणि पंप भिरकावून शेजारच्या गच्चीवर पसार झालं. "रोका नहीं!" चुनमुन ओरडली. "साँस रोकना था, बुद्धू!"

मुलं गच्चीवर लोळून हसत होती. मुक्ताही हसत होती, आणि हसता हसता तिच्या श्वासाला ती बारीक शीळ लागली. हसण्यानंही लागते कधीकधी. तिथे गच्चीवरचं एकेक मूल दमेकरी होतं. माकडासकट सगळ्यांचा पंप घेऊन झाला होता. तरीही माझी ही बया हळूच उठली, टाकीच्या मागे गेली आणि पाठमोरी होऊन पंप घेऊन आली.

मी नीलूकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. "होईल," एवढंच म्हणाली. पण ती माझ्याशी असं शुद्ध मराठीत बोलली की मला काळजी वाटते.

अंगण

आता मी ज्या प्रसंगाकडे येतेय त्यात माझाही हात आहे, तेव्हा जरा सावरून बसते.

मंडळाची इमारत सांभाळतात ते भाऊशास्त्री. सत्तरीचे, वेदपाठी, घंटेसारखा आवाज. ते मुलांवर पहिल्या दिवसापासून भाळले होते. येता-जाता कुणाच्या हातावर बत्तासा ठेव, कुणाच्या डोक्यावरून हात फिरव. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, इतकी लहान लेकरं आणि प्राणाची तूट! मला पाहवत नाही. उद्या सकाळी डॉक्टरीण इस्पितळात गेली की मुलांसाठी एक छोटंसं अनुष्ठान करू. ती परत येईपर्यंत उरकेल. तिलाही अचंबा वाटू दे."

छोटंसं अनुष्ठान म्हणजे मला वाटलं समई, फुलं, आरती. वर अचंबा! पडदा उघडल्यावर प्रेक्षक चकित व्हावेत यापलीकडे मला आयुष्यात काही नको असतं. मी पहाटे उठून ठिपक्यांची रांगोळी काढली, दारांना झेंडूच्या माळा लावल्या आणि मुलांना अंघोळी घालून रांगेत अंगणात आणलं.

अंगणात होमकुंड रचलेलं. बाजूला गोवऱ्या, समिधा, तुपाचा भलामोठा कलश आणि परातभर गुग्गुळ.

दम्याच्या मुलांचे श्वास सुधारावेत म्हणून शास्त्रीबुवांनी चहूबाजूंनी बंद अशा अंगणात होम मांडला होता!

"काका, धूर—" एवढंच मी म्हणू शकले. पुढचं मंत्रात बुडालं. त्यांनी मला हातानंच 'बसा, बसा' अशी खूण केली. गोवऱ्या पेटल्या. पहिला लोट सरळ वर गेला, दुसरा जरा रेंगाळला आणि तिसऱ्यापासून अंगण भरायला लागलं.

मुलं हात जोडून बसलेली. आपला शत्रू कोण, असं नीलूनं विचारल्यावर आदल्याच दिवशी "धुआँ!" म्हणून आरोळी ठोकणारी हीच मुलं. आज एकही उठेना. कशी उठतील? आपल्याकडे पूजेतून उठायचं नसतं, हे मुलाला दुधाच्या दाताआधी कळलेलं असतं. डोळ्यांतून पाणी येतंय, खोकला दाबतायत, पण हात जोडलेलेच. मी दोन धाकट्यांना काखेत मारून आतल्या खोलीत पळाले. परत आले तर मुक्ताची मान दिसली. श्वास ओढताना तिच्या गळ्याशी एक खळगा पडतो. तो पडला होता. हात खिशात होता आणि खिशातच होता.

"मुक्ता, आत चल!" मी म्हणाले, आणि तेवढ्यात मंत्र थांबला.

शास्त्रीबुवाच खोकायला लागले होते. साधा खोकला नव्हे. डोळे पांढरे, खांदे वर-खाली, आणि छातीतून तीच आमच्या ओळखीची शीळ. त्यांनी घाईघाईनं कनवटीला हात घातला, आणि धोतराच्या निऱ्यांतून निघाला एक निळा पंप! तो ओठांपुढे धरून त्यांनी तोंडात फवारा मारला आणि गटकन गिळला. परत फवारा, परत गिळला. तिसऱ्यांदा तसंच. मग रीतसर ओठ पुसले. संध्येला बसल्यावर पळीनं आचमन करतात ना, अगदी तसं.

"अहो आजोबा, हे तीर्थ नाहीये!"

आवाज कुणाचा, हे मला क्षणभर कळलंच नाही. मुक्ता उभी होती. रागानं लाल.

"हे प्यायचं नसतं! तुमच्या पोटाला दमा झालाय का?"

ब्रह्मा घाटावर भाऊशास्त्र्यांना असं कुणी कधी बोललं नसणार. त्यांचे दोन शिष्य तुपाच्या पळ्या हातात धरून पुतळे झाले. शास्त्रीबुवा धापा टाकत म्हणाले, "मग... कसं?"

"थांबा, मी दाखवते." आणि तिनं खिशातून पंप काढला. तिच्या स्वतःच्या श्वासालाच शीळ होती, त्यामुळे ते दाखवणं आणि घेणं दोन्ही एकदमच झालं. "आधी हलवायचा. मग श्वास सगळा बाहेर सोडायचा. सगळा! ओठ घट्ट. आता हळू आत ओढायचं आणि ओढता ओढताच दाबायचं. आणि रोखायचं."

तिनं रोखलं. भोवतीची मुलं आपोआप मोजायला लागली, "एक, दो, तीन..." दहाला तिनं सोडलं आणि पंप त्यांच्यापुढे नाचवला. "करा आता."

शास्त्रीबुवांनी आज्ञाधारकपणे केलं. पोरांनी पुन्हा मोजलं. दोन मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला की कुंडातल्या अग्नीनं लाजावं. "अरेच्चा!" ते म्हणाले. "हे छातीत उतरतं होय! इतकी वर्षं मी पोटात घालत होतो."

मग ते उठले. "मुलांना आत न्या. सगळ्यांना. अग्नीवर पाणी घालायचं नाही. दूध आणा." स्वयंपाकघरातलं सगळं दूध अग्नीला गेलं, होम शांत झाला, आणि मला दुपारपर्यंत चहा मिळाला नाही. माझ्या अपराधाला ही शिक्षा फारच सौम्य होती.

नीलू आली तेव्हा अंगणात राख, दूध आणि माझी रांगोळी यांचा काला झालेला. "ताई! ये क्या नाटक है?" एवढं म्हणून ती आतच धावली. एकेका छातीला नळी लावून झाली. दोघांना थोडा वेळ वाफेचं मशीन लावावं लागलं. दुपारी सगळी पंगतीला बसून आमटी ओरपत होती तेव्हा कुठे मी खाली बसले.

मग तिनं शास्त्रीबुवांना धरलं. "काका, तुम्ही पंप घेता? आणि मला सांगितलं नाही? मी रोज तुमच्या समोरून जाते!"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "वेदपाठी धापा टाकतो असं कळलं तर पाठाला कोण बोलावेल, बेटा?"

मुक्ता पलीकडे ताक पीत बसली होती. पेला तोंडाशी तसाच राहिला.

नावेत

पुढच्या सकाळी मुलांना नावेतून फिरवलं. नावाड्यानं बिडी शिलगावताच चुनमुननं हुकूम सोडला, "भइया, बुझाइए. यहाँ सबको दमा है."

"सबको?" तो घाबरून म्हणाला. "पूरी नाव को?" आणि नाव अशी हळुवार वल्हवायला लागला की जणू काचेची भांडी नेतोय.

अहिल्याबाई घाटाशी आल्यावर मला उगाच माहेरी आल्यासारखं झालं. पायऱ्यांवर बायका डुबक्या मारत होत्या. आपल्याकडे नदीवर बायका दबकत अंघोळ करतात, इथे गंगा म्हणजे घरचंच न्हाणीघर, आणि गप्पाही घरच्याच. मी नीलूला हळूच म्हणाले, "सुटलो गं बाई. काल किती जणांसमोर घेतला तिनं!"

नीलूनं मान हलवली. "काल ती शास्त्रीकाकांसाठी उठली, ताई. दुसऱ्यासाठी तर आपण सगळेच शेर असतो. खुद को लगे, समोर अनोळखी लोक असतील, तेव्हा बघू."

माझी सुटका तिनं अशी गंगेत सोडून दिली.

बालाजी घाट

आता नाटक. मी साताऱ्याहून कोल्ह्यांची एक छान गोष्ट लिहून नेली होती. मुलांनी ती पहिल्याच तालमीत नापास केली. "कोल्हे काय करायचेत?" मुक्ता म्हणाली. चुनमुन म्हणाली, "हवा पर केस करेंगे. मुकदमा! हवा ही तो सबको तंग करती है."

झालं, हवेवर खटला! मुक्ता न्याय देणारी राणी, ती मराठीत बोलणार. चुनमुन हवा, ती बनारसीत उत्तरं देणार. धूळ, कबुतराची पिसं आणि फटाका हे साक्षीदार. धुराची भूमिका कुणी घेईना, तेव्हा दारातून घंटा वाजली, "मी करू का? माझ्याइतका अनुभवी कोण आहे?" भाऊशास्त्री अंगाला राख फासून तालमीला यायला लागले. सकाळी मुलांच्या रांगेत उभे राहून नळीही फुंकायचे. त्यांचा आकडा चुनमुनपेक्षा कमी यायचा आणि ती तो घाटभर सांगायची.

प्रयोग शेवटच्या संध्याकाळी, बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर. इथले घाट पूर्वेला तोंड करून बसलेत, त्यामुळे दिवस कलला की घरांची सावली पायऱ्यांवर उतरते आणि दगड हळूहळू निवतात. मोहल्ल्यातली मराठी घरं सतरंज्या घेऊन आली. नावाडी नावा बांधून वर आले. अंघोळीचे यात्रेकरू ओल्या पंच्यांनिशी उभे राहिले. दोन बकऱ्या पहिल्या रांगेत. घाटावरची बांबूची मोठी छत्री आडवी करून मी तिची विंग केली आणि मागे दडले.

खटला रंगला. फटाक्यानं खोटी साक्ष दिली, कबुतरं उलटतपासणीत रडली. धुरानं एंट्री घेतली तेव्हा टाळ्यांनी घाट दणाणला. शास्त्रीबुवांना लोक ओळखून हसत होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मग निकाल. हवा राणीभोवती गरागरा पळत होती, आणि ऐन वेळी खरोखरच्या लूचा एक झोत धूळ घेऊन पायऱ्यांवर आला.

"हे न्यायालय," राणी म्हणाली, "हवेला असं सांगतं की..."

आणि थांबली.

प्रेक्षकांना वाटलं, वाक्य विसरली. मला तो गळ्याचा खळगा दिसला. माझ्या हातात जादा पंप होता आणि एक पाऊल छत्रीच्या बाहेर पडलंही होतं. मागून कुणीतरी पदर खेचला. नीलू. "रुक जा, ताई."

"अगं पण—"

"रुक जा. मी आहे ना."

मुक्तानं उजवीकडे पाहिलं. तिथे गल्लीचं तोंड होतं, अंधारं, सोयीचं. मग समोर पाहिलं. सतरंज्या, नावाडी, पंचे. सगळे अनोळखी. माझ्या डोळ्यांपुढे शाळेतलं ते कडी लावलेलं दार होतं.

राणीनं उजवा हात वर केला.

"न्यायालय," ती तुटक म्हणाली, "थोडं... थांबेल."

कमरेच्या शेल्यातून तिनं पंप काढला. हलवला. श्वास सोडला, ओठ मिटले, ओढला, रोखला. पळणारी हवा जागच्या जागी खाली बसली. साक्षीदार बसले. धूर हात जोडून उभा राहिला. दुसरा फवारा घ्यायच्या आधी जरा वेळ जाऊ द्यावा लागतो. राणीनं तो जाऊ दिला, ताठ मानेनं, आणि अख्खा घाट तिच्यासाठी थांबून राहिला. खाली बांधलेल्या नावा एकमेकींना लागत होत्या, तेवढाच आवाज. तिनं दुसरा घेतला. खळगा हळूहळू भरला. मी इकडे छत्रीचा बांबू धरून उभी होते. तो मोडला नाही, ही बनारसच्या बांबूची थोरवी.

"न्यायालय पुढे चालू," राणी म्हणाली. आता आवाज पार पलीकडच्या काठाला. "हवा निर्दोष आहे! तिच्यात भेसळ करणाऱ्याला पकडा!"

सगळ्यांनी शास्त्रीबुवांकडे बोटं दाखवली. सत्तरीचा धूर धोतर सावरत पायऱ्या उतरत पळाला, वीस दमेकरी ओरडत त्याच्या मागे, दोन्ही बकऱ्या त्यांच्याही मागे. एक नावाडी उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवत म्हणाला, "का एक्टिंग बा! रानी बीच कचहरी में हुक्का पियली!"

मुक्ता कंबरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "हुक्का नहीं, भइया. दवा है. दमा है हमको." आणि हसली. तिच्या हिंदीला आता चुनमुनचा वास यायला लागला होता.

मला मात्र बसावंच लागलं. गरम पायरीवर, राखेत, जरीच्या साडीत. नीलू शेजारी बसली. तिनं रुमाल दिला, मी तिचाही वापरला आणि माझाही.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी. दिवसातला तिसरा.

"श्वास कसाय?"

"छान."

"पंप घेतला?"

"घेतला."

"कुणी बघितलं नाही ना?"

"वहिनी," मी म्हणाले, "निदान शे-दीडशे माणसांनी बघितलं. दोन बकऱ्यांनीही. टाळ्या पडल्या."

मी पुढे काही बोलणार, तोच मुक्तानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"आई, मला मधेच लागलं. निकाल सांगताना. मग मी हात वर केला आणि घेतला. कुणी काही बोललं नाही गं. मी थांबले तर सगळे थांबले."

मी फोनला कान लावला. वहिनी रडते आहे की रागावली आहे, काही कळेना. मग तिचा आवाज आला.

"निकाल? कसला निकाल? नाटकात काय होतं?"

मुक्ता पायरीवर टेकली. "म्हणजे शेवट सांगू?"

"नको," वहिनी म्हणाली. "सुरुवातीपासून सांग."